एकदम झालं, की सरकत गेलं?

लकव्याच्या संशयाने रुग्ण तातडीच्या विभागात आला की नातेवाइकांना पहिला प्रश्न वेळेचा विचारला जातो: शेवटचे व्यवस्थित कधी होते? तो विचारायलाच हवा, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. दुसरा प्रश्न मात्र त्या धावपळीत राहून जातो. हे सगळं एकदम झालं, की हळूहळू सरकत गेलं?

हेमिप्लेजिक मायग्रेनचं निदान पुष्कळदा या उत्तरावर उभं राहतं. हा अर्धशिशीचा दुर्मीळ प्रकार आहे. डेन्मार्कमधल्या पाहणीत तो साधारण दहा हजारांत एकाला आढळला. आधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा येतात. मग बोटांना मुंग्या येतात आणि त्या मनगट, कोपर, गाल, जीभ अशा वर चढत जातात. शब्द सापडेनासे होतात, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो. क्रम बदलू शकतो, पण एकेका टप्प्याला काही मिनिटं लागतात. डोकं बहुधा मागाहून दुखतं, कधी दुखतही नाही. पक्षाघातात सहसा असा प्रवास नसतो. ताकद जाते ती एका क्षणात.

या संथपणाचं कारण मेंदूच्या सालीत आहे. हार्वर्डमध्ये काम करणाऱ्या आरिस्टिडीस लिआओ या ब्राझिलियन संशोधकाला १९४४ मध्ये सशाच्या मेंदूवर पेशींचं काम तात्पुरतं थांबवत जाणारी एक लाट दिसली. तिचा वेग मिनिटाला काही मिलिमीटर. त्याआधी, १९४१ मध्ये, कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या अर्धशिशीत नजरेपुढे पसरणारा आंधळा ठिपका घड्याळ लावून मोजला होता. मेंदूच्या सालीवर त्याचा हिशेब निघाला मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर. हे दोन आकडे जुळतात, याकडे लक्ष वेधलं गेलं ते १९५८ मध्ये. रुग्णाची हकिगत किती मोलाचा पुरावा असतो, याचं याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण.

लॉस एंजेलिसच्या वार्ताहर सेरीन ब्रॅन्सन यांच्या तोंडून १३ फेब्रुवारी २०११ रोजी ग्रॅमी सोहळ्याची बातमी थेट प्रक्षेपणात देताना अचानक अर्थहीन शब्द फुटू लागले. पाहणाऱ्यांना वाटलं, हा पक्षाघातच. पुढे डॉक्टरांनी निदान केलं ते मायग्रेनचं. त्यांना लकवा झाला नव्हता, पण वाचेवर येणारी लाट कशी दिसते हे त्या दिवशी जगाने पाहिलं.

म्हणून घरच्यांनी ‘अर्धशिशीच असेल’ म्हणत थांबायचं का? मुळीच नाही. पहिला झटका हा पक्षाघातच समजून १०८ ला फोन करावा. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव कळतो, पण गुठळीचा पक्षाघात सुरुवातीच्या तासांत त्यात बऱ्याचदा दिसत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो. शिवाय रक्तातली साखर घसरल्यानेही अशीच लक्षणं दिसू शकतात, म्हणून ती आधी पाहतात. शंका उरली आणि इंजेक्शन दिलं गेलं, तरी अशा ‘नकली’ पक्षाघातात त्यामुळे मेंदूत रक्तस्राव होणं विरळाच. उशीर मात्र महागात पडतो. त्यातून ज्यांना अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे असं चमकतं, त्यांना खऱ्या पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. नेहमीपेक्षा वेगळा झटका आला, तर जुन्या रुग्णानेही दवाखाना गाठायला हवा.

खरी हेळसांड पुढे होते. हात-पाय परत चालू लागतात, बहुतेकदा तीन दिवसांच्या आत, आणि डिस्चार्जच्या कागदावर ‘पक्षाघात’ लिहून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कायमच्या मागे लागतात. नाहीतर तरुण मुलीला ‘टेन्शन घेऊ नकोस’ सांगून घरी पाठवलं जातं. दोन्हींत त्या माणसावर अन्याय आहे. जागतिक निकषांनुसार पक्क्या निदानासाठी किमान दोन झटके लागतात. तेव्हा पहिल्याची नोंदच धड नसेल, तर दुसऱ्या वेळी डॉक्टरने जुळवायचं तरी काय? औषधांचाही प्रश्न आहे. अर्धशिशीवरच्या ट्रिप्टान गोळ्या या प्रकारात सहसा टाळतात, तर फ्लुनारिझिन, व्हेरापामिल यांसारखी औषधं झटके कमी व्हावेत म्हणून देतात.

घरातला इतिहासही विचारायला हवा. या आजाराशी जोडलेलं पहिलं जनुक १९९६ मध्ये सापडलं, पुढे आणखी दोन मिळाली. आनुवंशिक प्रकारात आई किंवा वडिलांकडून दोष मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. ‘आजीच्या अंगावरून वारं गेलं होतं, दोन दिवसांत बरी झाली’ ही आठवण केसपेपरवर यायलाच हवी. आणि घरात हे निदान झालं असेल, तर मुलांच्या शाळेलाही ते लेखी कळवावं. काही कुटुंबांत डोक्याला लागलेला किरकोळ मारही मोठा झटका आणतो, क्वचित मेंदूला सूज येते. मैदानावर पडलेल्या अशा मुलाला ‘जरा वेळ झोप’ म्हणून वर्गात बसवून ठेवायचं नसतं.