लोंगेवाला : रात्र कोणी काढली?


‘लोंगेवाला विमानांनीच जिंकले, पायदळ नुसते साक्षीला होते’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. १९७१ च्या भारत-पाक युद्धात, ५ डिसेंबरच्या सकाळी, राजस्थान सीमेवरच्या लोंगेवाला ठाण्यापाशी जैसलमेरहून आलेल्या भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी पाकिस्तानी रणगाड्यांची दाणादाण उडवली, यात वाद नाही. उघड्या वाळवंटात रणगाड्याला आडोसा कसला मिळणार? पण हंटरला रात्री लढता येत नसे. मग उजाडेपर्यंत ठाणे धरले कोणी? मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि ‘२३ पंजाब’ या पायदळ बटालियनच्या सुमारे १२० जवानांनी. ठाणे रात्रीच पडले असते, तर सकाळी विमाने मदत कोणाला करणार होती?

आणखी एक नाव दोन्ही बाजू हटकून विसरतात, ते म्हणजे मेजर आत्मासिंग. ‘कृषक’ नावाच्या हलक्या टेहळणी विमानातून ते हंटरच्या वैमानिकांना लक्ष्य दाखवत होते. गणवेश भूदलाचा, काम आकाशातले! त्यांना कोणाच्या खात्यात मांडणार? या लढाईवरच्या ‘बॉर्डर’ चित्रपटाने हवाई दलाला उशिरा आणि थोडक्यात दाखवले, हा पत्रलेखकांचा राग मलाही पटतो. मात्र त्याचे उट्टे चांदपुरींच्या तुकडीवर काढू नये.

– एक नियमित वाचक