साहेब नाहीत का घरी?

सकाळचे नऊ वाजलेले असतात. कुकरची तिसरी शिट्टी व्हायची असते. आणि फाटकाशी जेसीबी येऊन घरघरत उभा राहतो. ठेकेदार मोटारसायकलवरून न उतरताच विचारतो, “वहिनी, साहेब नाहीत का घरी?” नाहीत, ऑफिसला गेलेत. “बरं बरं, त्यांच्याशी बोलणं झालंय आमचं,” असं म्हणून तो ड्रायव्हरला हात करतो आणि काम सुरू! मैत्रिणींनो, अंगणातल्या खोदकामात पुढं जे बिघडतं, त्यातलं निम्मं इथंच बिघडलेलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे मोजून झालेलं मत आहे.

२०१६चा उन्हाळा आमच्या लातूर जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्यानंतर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय, अंगणात जमिनीखाली हौद हवा. आम्हीही २०१७च्या मे महिन्यात तो बांधायचं ठरवलं. ह्यांनी चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या ठेकेदाराशी ताशी भाव ठरवला. किती तास लागतील, ते मोजणार कोण, माती कुठं टाकायची, यातलं एक अक्षर बोललं गेलं नाही. पुरुषांचे व्यवहार असेच असतात का हो? आपण दोन रुपयांच्या कोथिंबिरीसाठी भाजीवाल्याशी पाच मिनिटं घासाघीस करतो!

ड्रायव्हर बिचारा पोरगेलासा होता. सुरुवातीलाच त्यानं मला विचारलं, “ताई, पाण्याचा पाइप कुठून गेलाय?” आणि खरं सांगते, मला सांगता आलं नाही. अठरा वर्षं ज्या अंगणात सडा घातला, त्याच्या खालून नळाची लाइन कुठून जाते, हे मला ठाऊक नव्हतं. पाऊण तासात पाइप फुटला. आठ दिवसांनी आलेलं पाणी डोळ्यांदेखत खड्ड्यात गेलं.

खड्डा दहा फूट लांब, आठ फूट रुंद, सहा फूट खोल. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे पावणेपाच ब्रासचं काम. वर काळी माती, खाली मुरूम. असं काम दोन-अडीच तासांचं, हे मला पुढं इतर घरी विचारल्यावर कळलं. आमच्याकडून पाच तासांचे पैसे घेतले. मशीन आधीच्या ठिकाणाहून यायला लागलेला वेळ, ड्रायव्हरचं जेवण, ठेकेदाराचा फोन, सगळं आमच्याच खात्यावर. मशीनमध्ये तासांचं मीटर असतं, काम सुरू करताना आणि संपताना त्याचा आकडा बघायचा असतो, हे सांगणार कोण? आपण विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

पण पैशाचं दुःख तेवढं नाही. माझी माती गेली. पंधरा वर्षं भाजीची देठं, चहाचा चोथा, शेणखत घालून केलेली काळी, भुसभुशीत माती. मशीन वरची माती आधी उचलतं. ती पहिल्याच ट्रॉलीत भरून कुणाच्या तरी प्लॉटवर गेली आणि शेवटी निघालेला पांढरा मुरूम माझ्या अंगणभर पसरला. त्या वर्षी मेथी उगवली ती काडीएवढी. वरची फूटभर माती वेगळी ठेवा, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते ह्यांना सुचणं शक्यच नव्हतं, कारण वाफे माझे होते.

पुढचं लिहिताना अजून हात अडखळतो. खड्डा शेजारच्या काकूंच्या भिंतीपासून जेमतेम तीन फुटांवर घेतला होता. भिंतीचा पाया दीड फुटाचा, तोही काळ्या मातीत. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी लागलं की फुगते, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला माहीत होतं. पण गवंडी दुसऱ्या कामावर अडकला आणि खड्डा आठवडाभर उघडाच राहिला. एका रात्री वळीव कोसळला. पहाटे धाडकन आवाज झाला. खड्ड्याची कड ढासळली आणि आठ-दहा फूट भिंत आत गेली होती. आदल्या संध्याकाळी काकूंचा नातू त्याच भिंतीवर चढून कैऱ्या पाडत होता.

ठेकेदार म्हणाला, “पावसाला मी काय करणार?” हे म्हणाले, “तू तिथंच होतीस ना, बोलायचं नाही का?” काकू एक शब्द बोलल्या नाहीत, पण नातवाला त्यांनी वर्षभर आमच्या अंगणात पाऊल टाकू दिलं नाही.

म्हणून मी आता बायकांना सांगत सुटते, हा व्यवहार तुम्ही करा. निदान बोलणीच्या वेळी शेजारी उभ्या राहा. मशीन येतं तेव्हा घरी आपण असतो. लेकरं खेळतात कुठं, सांडपाणी वाहतं कुठं, शेजारणीचं मोरीचं पाणी कुणीकडून जातं, हे आपल्याला माहीत असतं. आणि नसेल, तर मशीन यायच्या आधी माहीत करून घ्या. फाटक आठ फुटांहून अरुंद असेल तर साधा जेसीबी आत येणं अवघड, खांब फुटतो. खडक लागला तर ब्रेकर लावावा लागतो, त्याचा भाव वेगळा, तो आधी विचारा. खणलेली माती फुगते, पावणेपाच ब्रासचे सहा ब्रास सहज होतात, म्हणजे ट्रॉलीच्या फेऱ्या वाढतात. तिचे पैसे भावात आहेत की वेगळे? मुरूम बाहेर नेऊन विकायचा तर महसूल खात्याचा परवाना लागतो, ती भानगड आपल्या गळ्यात नको. आणि गवंडी, विटा, लोखंड तयार असल्याशिवाय मशीन बोलावूच नका. तरीही खड्डा रात्रभर उघडा राहणार असेल, तर चारी बाजूंनी बल्ल्या बांधा. २००६ साली हरियाणात बोअरच्या खड्ड्यात पडलेला छोटा प्रिन्स आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला होता. तो वाचला. सगळे वाचत नाहीत.

“बाईमाणसानं ठेकेदाराशी हुज्जत घालावी का?” असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. हुज्जत कशाला? कागदावर चार ओळी लिहायच्या आणि सही घ्यायची. गावातला ठेकेदार लबाडच असतो असंही नाही. उलट गल्लीत खडक किती फुटांवर लागतो, हे त्याला पाठ असतं आणि उद्या बाजारात तो आपल्याला भेटणार असतो. फक्त त्यानं आधी जिथं काम केलं, त्या घरी जाऊन या. आणि तिथल्या साहेबांना नको, बाईंना विचारा.

२०२२मध्ये आमच्या बचत गटातल्या एका अंगणवाडी मदतनीस बाईंना मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डा घ्यायचा होता. ठेकेदार तोच, माझ्याकडचा. मला बघून जरा चपापला. पण सवयीनं विचारलंच, “मालक कुठंयत?” बाई म्हणाल्या, “आहेत की आत. पण पाइप कुठून गेलाय ते त्यांना माहीत नाही.” त्यांनी चुन्यानं लाइन आखून ठेवली होती. खड्डा बोअरपासून साठ फूट लांब, परसाच्या दुसऱ्या टोकाला घेतला. काळी माती वेगळी, वर ताडपत्री. मीटरचे दोन्ही आकडे मुलीच्या वहीत. काम सव्वा तासात झालं. पैसे देताना ठेकेदारानं वहीच मागून घेतली आणि बेरीज स्वतः तपासली.

काकूंची भिंत आम्ही त्याच वर्षी बांधून दिली. यंदा त्यांच्याकडून शेवग्याच्या शेंगा आल्या, पण नातवाच्या हातून नाही. तो आता पुण्याला शिकायला आहे.