इंजिन ठीक होतं

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. तो सध्या विमान चालवायला शिकतोय. दुसऱ्या दिवशी इंजिन बंद पडल्यावर विमान कसं उतरवायचं याचा धडा होता, म्हणून आदल्या रात्री मामाची आठवण झाली.

"मामा, त्या वेळी तुमच्या इंजिनाचा आवाज नेमका कसा येत होता? थडथडत होतं का आरपीएम कमी होत गेले? आणि तुम्ही आधी काय तपासलंत, कार्बोरेटर हीट की मिक्स्चर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. थातूरमातूर काहीतरी सांगून मी फोन ठेवला. उत्तर असणार तरी कुठून? त्या दिवशी इंजिनाला काहीही झालं नव्हतं.

हा ब्लॉग वाचणाऱ्यांत निम्मे आमचेच नातेवाईक आहेत. त्यांना 'ती' गोष्ट पाठ आहे. ताई आणि दाजी २०११ साली अमेरिकेत आले असताना मामाने बिघडलेल्या इंजिनाचं विमान कसं शांत डोक्याने खाली उतरवलं, ती. सांगलीच्या घरी दर गणपतीत ती सांगून होते आणि दर वर्षी इंजिन थोडं जास्त बिघडतं. मागच्या खेपेला ऐकली तेव्हा पंखा पूर्ण थांबला होता! ज्या ब्लॉगर मित्रांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मी न्यू जर्सीत राहतो, पोटापाण्याचा धंदा वेगळा आहे, आणि सुटीच्या दिवशी क्लबचं चार आसनी सेस्ना १७२ भाड्याने घेऊन उडवतो. हौस म्हणून. तर आज ती गोष्ट जशी घडली तशी लिहितोय.

ऑक्टोबरमधला रविवार होता. ताई-दाजींना घेऊन केप मेला गेलो. न्यू जर्सीचं अगदी दक्षिणेचं टोक, आमच्या मैदानापासून विमानाने पाऊण-एक तास. सकाळी हवा सुरेख होती. संध्याकाळी ईशान्येकडून ढग खाली येतील असा अंदाज होता, म्हणून तीनला निघायचं असं मी ठरवलं होतं. पण दाजींना दीपगृह चढायचं होतं (१९९ पायऱ्या), आणि ताईला तिथल्या किनाऱ्यावर सापडणारे काचेसारखे गारगोटीचे खडे वेचायचे होते. त्यांना तिथे 'केप मे डायमंड' म्हणतात. ताईने पिशवीभर वेचले. निघायला सव्वापाच झाले. हवामानाचा अंदाज मी पुन्हा बघितला नाही. सकाळी बघितलाय की, असं म्हणालो. सोमवारी सकाळी मला ऑफिसात एक महत्त्वाची मीटिंग होती आणि विमान रात्री परत द्यायचं होतं.

पहिली वीस मिनिटं काही वाटलं नाही. मग समोरचे ढग खाली यायला लागले. मी अडीच हजार फुटांवरून अठराशेवर आलो. मग बाराशेवर. खाली पाइन बॅरन्सचं जंगल, मैलोन् मैल नुसती झाडं. मला फक्त डोळ्यांनी बघत उडायचा परवाना होता, ढगात शिरायचा नाही. नियमाप्रमाणे ढगाच्या किमान पाचशे फूट खाली राहायला हवं होतं. मी किती खाली होतो ते सांगायची लाज वाटते. दर दोन मिनिटांनी मनात एकच यायचं, पुढे मोकळं असेल.

पुढे मोकळं नव्हतं. एक राखाडी झुपका समोर आला, त्याच्या पलीकडे बाहेर पडू असं वाटलं आणि सगळं पांढरं झालं.

"अरे वा, ढगात शिरलो!" दाजी म्हणाले आणि त्यांनी फोटो काढला.

तेवढ्यात माझी नजर यंत्रांवर गेली. मला खात्री होती की विमान सरळ चाललंय. शरीर तसंच सांगत होतं. यंत्रं सांगत होती की विमान उजवीकडे चांगलं कललंय आणि उंची कमी होतेय. नऊशे फूट. माझ्या पहिल्या प्रशिक्षकाने डोक्यात ठोकून बसवलेलं एक वाक्य त्या क्षणी आठवलं, की आत काय वाटतंय ते विसर आणि आधी पंख सरळ कर. केले. मग हळूहळू उंची घेतली आणि अगदी थोडं कलवून, फक्त यंत्रांकडे बघत, उलटा फिरलो. एखाद्या मिनिटात झाडं दिसली. विमान मिलव्हिलला उतरवलं. दुसऱ्या महायुद्धात तिथे लढाऊ विमानांचे पायलट तयार होत. मला पाय जमिनीवर टेकवतानासुद्धा धरायला काहीतरी लागत होतं.

ज्यांनी उडवलेलं नाही त्यांना वाटेल, एका मिनिटाच्या ढगाचं एवढं काय? कारण असं. आपला तोल कानाच्या आतल्या द्रवावर चालतो. विमान हळूहळू वळायला लागलं की थोड्या वेळात तो द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो आणि वळतोय हे कळेनासं होतं. डोळ्यांना क्षितिज दिसत असेल तर चूक लगेच सुधारते. ढगात क्षितिज नाही. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात यंत्रांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या वीस जणांवर एक प्रयोग झाला. बाहेरचं दिसेनासं केल्यावर विसाच्या वीस जणांचा विमानावरचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद. म्हणजे तीन मिनिटंसुद्धा नाहीत. (प्रयोग असल्याने शेजारी सावरणारा होता.)

१६ जुलै १९९९ च्या रात्री जॉन केनेडी ज्युनियर आमच्याच राज्यातल्या एसेक्स काउंटी विमानतळावरून निघाले, बरोबर पत्नी आणि मेहुणी. मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रावर धुरकट हवा, रात्र, आणि क्षितिज दिसेना. त्यांच्याकडेही यंत्रांवर उडण्याचा परवाना नव्हता. तिघेही गेले. चौकशीत दिशाभ्रम हेच कारण निघालं, विमानात बिघाड सापडला नाही. तेव्हा मी चारचौघांसारखं म्हटलं होतं, श्रीमंताच्या पोराची मस्ती. पण त्या रात्री निघण्यात नियमाने काही चुकीचं नव्हतं. मी तर नियमही मोडला होता.

आता त्यानंतरचं.

मिलव्हिलला इंजिन बंद केल्यावर दाजींनी विचारलं, "का उतरलो?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "इंजिनाचा आवाज जरा वेगळा वाटला. म्हटलं उगाच धोका नको."

ठरवून बोललो नव्हतो. पण घरी नऊ वर्षांचा मुलगा आजीजवळ ठेवून आलेल्या आईवडिलांना मी एका मीटिंगपायी ढगात घातलं, हे त्यांच्या तोंडावर कसं सांगणार? इंजिन बिचारं काही बोलत नाही. त्याच्यावर ढकललं. मग त्या रात्री गाडी भाड्याने घेऊन घरी आलो. पुढच्या आठवड्यात मित्राबरोबर जाऊन विमान आणलं आणि घरी सांगितलं की स्पार्क प्लगमध्ये कचरा होता. एका थापेला दुसरीचा टेकू लागतोच.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) त्याच आठवड्यात मी खरी हकिकत एका ठिकाणी जशीच्या तशी लिहून पाठवली होती. नासाला. इथे १९७६ पासून नासा एक व्यवस्था चालवते. पायलट, कंट्रोलर, मेकॅनिक, कुणीही आपली चूक तिथे कळवायची. नाव गुप्त राहतं. चूक जाणूनबुजून केलेली नसेल आणि दहा दिवसांच्या आत कळवली असेल तर सहसा दंड किंवा निलंबन टळतं. नाव काढून टाकलेल्या निवडक हकिकती 'कॉलबॅक' नावाच्या मासिक पत्रकात छापून येतात. माझ्या अर्जाचा नावाचा तुकडा शिक्का मारून परत आला, तो अजून खणात आहे.

ही व्यवस्था सुरू व्हायला एक अपघात कारणीभूत झाला. १ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूएचं एक विमान वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळावर उतरत असताना खराब हवेत डोंगरावर आदळलं. ९२ माणसं गेली. उतरण्याची परवानगी कशी समजून घ्यायची यात घोटाळा झाला होता. चौकशीत निघालं की साधारण सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचं विमान त्याच ठिकाणी, त्याच घोटाळ्यामुळे, थोडक्यात वाचलं होतं. त्यांनी ते आपल्या कंपनीत सांगितलं. कंपनीने आपल्या पायलटांना सावध केलं. बाहेर कुणाला कळलं नाही. एकाला धडा मिळाला, दुसऱ्यापर्यंत पोचला नाही.

मीही तेच केलं. अनोळखी लोकांना खरं सांगितलं आणि घरच्यांना खोटं. तेव्हा वाटलं, घरच्यांना सांगून काय उपयोग? त्यांना थोडंच उडायचंय? आणि आता घरातलाच एक उडायला निघालाय.

इथल्या पायलटांना शिकवताना पाच घातक वृत्ती शिकवतात. आपल्या भाषेत सांगायच्या तर: मला कोण सांगणार, आधी करू मग बघू, मला काय होतंय, मी करून दाखवतो, आणि आता देवावर हवाला. प्रत्येकीवर उतारा काय तेही पाठ करून घेतात. माझ्या मते आपल्याकडच्या माणसासाठी सहावी घालायला हवी. लोक काय म्हणतील. ढग दिसल्यावर मी परत फिरलो नाही त्यात मीटिंग होती हे खरं, पण पाहुण्यांसमोर 'याला जमलं नाही' असं दिसेल, हेही होतंच. खोटं बोललो तेही त्याचसाठी. छोट्या विमानांच्या बहुतेक अपघातांचं मूळ यंत्रात नसतं, चालवणाऱ्याच्या निर्णयात असतं. आणि निर्णय चुकला हे कबूल करायचं म्हटलं की आपण इंजिनाकडे बोट दाखवतो. परीक्षेत नापास झालो तर पेपर अवघड होता, धंदा बुडाला तर भागीदार वाईट होता. या गोष्टी आपण मुलांना सांगतो आणि मुलं त्यावरून शिकतात. माझा भाचा शिकला की मामासारखं शांत डोकं ठेवलं की झालं. त्याला कळायला हवं होतं की तीनला निघायचं ठरवून सव्वापाचला निघू नये.

काही जण म्हणतील, हे सगळं उघड लिहिलं तर घरचे घाबरतील, आई उडणं बंद कर म्हणेल. म्हणेलच. तिचा तो हक्क आहे. हौसेचं उडणं मोठ्या कंपनीच्या विमानाइतकं सुरक्षित नाही. आम्ही पायलट स्वतःच त्याची तुलना मोटारसायकलशी करतो. पण 'इंजिन बिघडलं' ऐकून ती घाबरली नव्हती का? उलट त्यात करण्यासारखं काहीच नाही, सगळा नशिबाचा भाग. खऱ्या गोष्टीत निदान उपाय तरी आहे.

माझे उपाय सांगतो. पाहुणे बरोबर असले की निघायच्या आधी सांगतो, आज परत येऊ असं धरून चालू नका. बॅगेत एका रात्रीचे कपडे टाकायला लावतो. दुसऱ्या दिवशी कुणाला ऑफिस किंवा विमान गाठायचं असेल तर जातच नाही. परतीच्या आधी अंदाज पुन्हा बघतो. बरोबरच्या कुणीही 'परत फिरू' म्हटलं तर वाद न घालता फिरतो. आणि ढगामुळे एकदा खाली यावं लागलं की दुसऱ्यांदा खाली यायचं नाही, वळायचं. त्या दिवशी अठराशे फुटांवर वळलो असतो तर हे काहीच घडलं नसतं. थोडी फजिती झाली असती, बस्स. पुढे मीही यंत्रांवर उडायचा परवाना घेतला. पण परवाना आला म्हणून सव्वापाचचे तीन होत नाहीत.

दाजींनी काढलेला तो पांढराशुभ्र फोटो सांगलीच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. खाली लिहिलंय, 'ढगात!' येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवतात. दरवेळी व्हिडिओ कॉलवर तो मागे दिसतो आणि मी नजर दुसरीकडे वळवतो. दाजी, फ्रेम काढू नका. पण पोराला सांगा, तो फोटो काढला तेव्हा विमान कललेलं होतं आणि चालवणाऱ्याला ते कळलं नव्हतं.

आणि तू, बाळा. तू विचारलंस आधी काय तपासलं. आधी मी सोमवारची मीटिंग तपासली, ती चूक. इंजिन उत्तम चाललं होतं. तुझ्या हातून काही चुकलं, आणि चुकेल, तर मला रात्री-बेरात्री फोन कर. रागावणार नाही. रागवायचा अधिकार मी २०११ मध्येच घालवलाय.

ताई, हे वाचून झालं की तुझा फोन येईलच. मी घरीच आहे.