तेरावा गडी

मराठीत तेरा या आकड्याला कोणी हौसेने पाट मांडून बसवल्याचे माझ्या ऐकिवात नाही. बारा महिने, बारा राशी, बारा बलुतेदार, बारा ज्योतिर्लिंगे. मान सगळा बाराचा. त्याच्या पुढचा आला की घरात कुरबुर सुरू झालीच म्हणून समजावे. माणूस गेल्यावर होते ते तेरावे. कामाचा विचका झाला की तीनतेरा वाजतात. आणि या सर्वांवर कडी करणारी आपली म्हण आहेच : दुष्काळात तेरावा महिना! कणगीत दाणा नाही, सावकार दारात, बारा महिने कसेबसे रेटून नेले असते. तेवढ्यात पंचांगाने अधिक मास काढून दाखवला.

ही म्हण मी वर्गात गेली कित्येक वर्षे समजावून सांगत आलो आहे. परंतु तिचा सर्वांत नेमका दाखला मला सापडला तो मराठवाड्यात नव्हे, माणदेशातही नव्हे, तर थेट कॅनडात, फुटबॉलच्या मैदानावर. दिवाळी अंकात फराळाच्या ताटाशेजारी ही परदेशची गोष्ट कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांनी थोडा धीर धरावा. गोष्ट परदेशची असली तरी तिच्यातला राग, रुसवा आणि पंचांच्या नावाने मोडलेली बोटे आपल्या चांगल्या ओळखीची आहेत.

आधी खेळ समजून घेऊ. कॅनडाचा फुटबॉल म्हणजे आपल्या कूपरेजवरचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचे, फेकायचे, आणि अगदी अडले तरच लाथेने उडवायचे. शेजारच्या अमेरिकेतही असाच खेळ आहे. पण तिथे बाजूला अकरा गडी, कॅनडात बारा. दहा यार्ड पुढे सरकायला अमेरिकेत चार संधी, कॅनडात तीन. मैदानही कॅनडाचे मोठे, 110 यार्ड लांब आणि 65 यार्ड रुंद. 2027 सालापासून ते 100 यार्डांचे करण्याचे तिथल्या लीगने 2025 मध्ये जाहीर केले, तेव्हा ‘आमचा खेळ अमेरिकेच्या ओट्यात घातला’ म्हणून रसिकांत मोठा गदारोळ झाला. दहा यार्डांसाठी एवढा आक्रोश का, हे कळायला त्या मंडळींचे प्रेम कळले पाहिजे.

हे प्रेम पाहायचे असेल तर सस्कॅचवान प्रांतात जावे. गव्हाचा प्रांत. क्षितिजापर्यंत सपाट जमीन, उन्हाळा थोडा, हिवाळा लांब. 1930 च्या दशकात इथे असा दुष्काळ पडला की शेतातली माती वाऱ्यावर उडून गेली आणि कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडून चालती झाली. या प्रांताची राजधानी रेजायना, आणि रेजायनाचा संघ सस्कॅचवान रफरायडर्स. संघ 1910 सालचा. मौज अशी की त्याला कोणी धनी नाही. तो लोकांच्या मालकीचा आहे. संघाने समभाग विकले आणि लोकांनी ते घेतले. त्यावर लाभांशाचा छदामही मिळत नाही हे माहीत असून घेतले. कागद चौकटीत घालून भिंतीवर टांगायचा, वार्षिक सभेत मत द्यायचे, एवढाच काय तो नफा.

संघाचा रंग हिरवा. म्हणून सामन्याच्या दिवशी तिथले शहाणेसुरते गृहस्थ काय करतात, तर कलिंगड आतून कोरून ते शिरस्त्राणासारखे डोक्यावर चढवतात आणि खुशाल स्टेडियमात जाऊन बसतात! आपल्याकडे डोक्यावर कलिंगड घेतलेला मनुष्य दिसला तर आपण भाव विचारू. तिथे त्याला शेजारी जागा करून देतात.

आणि आता त्या आकड्याकडे येतो. मैदानावर गडी बारा. तेरावा कोण? तर आम्ही, असे हे प्रेक्षक अभिमानाने म्हणतात. ‘तेरावा गडी’ हे त्यांचे बिरुद. आमच्या आरोळीने समोरच्या संघाला आपल्या नायकाची सूचना ऐकू येत नाही, म्हणजे आम्हीही खेळतोच की, असा त्यामागचा युक्तिवाद.

2009 साली या तेराव्या गड्याचे दिवस फिरले होते. साखळीतल्या अठरा सामन्यांपैकी दहा जिंकले, सात हरले, एक बरोबरीत सुटला, आणि 1976 नंतर प्रथमच संघ पश्चिम विभागात पहिला आला. तेहेतीस वर्षांनी! 1976 साली पहिला आलेला तो संघ ग्रे कपच्या अंतिम सामन्यात अखेरच्या अर्ध्या मिनिटात ऑटावाकडून 23–20 असा हरला होता. म्हाताऱ्या मंडळींना ते विसरता आलेले नव्हते. ग्रे कप हा तिथला मानाचा करंडक. गव्हर्नर जनरल लॉर्ड ग्रे यांनी तो दिला आणि 1909 साली पहिल्यांदा खेळला गेला.

29 नोव्हेंबर 2009. कॅलगरी शहरातले मॅकमेहन स्टेडियम. समोर मॉंट्रियलचा अलुएट्स संघ. नाव चंडोल पक्ष्याचे, पण साखळीत अठरापैकी पंधरा सामने जिंकून आलेला. मध्यंतराला रफरायडर्स 17–3 ने पुढे. शेवटच्या पावपर्वात 27–11. मग चंडोलाने पंख पसरले. आठ गुण, पुढे सहा गुण, 27–25. घड्याळातले शेवटचे सेकंद उरले असताना मॉंट्रियलचा डेमन ड्युव्हल 43 यार्डांवरून चेंडू मारायला उभा राहिला. तो दोन खांबांमधून गेला तर तीन गुण आणि करंडक. चेंडू उडाला आणि उजव्या खांबाच्या बाहेरून गेला. वेळ संपली. हिरवे खेळाडू नाचत मैदानात धावले. कलिंगडे उंच उडाली असतील!

पण मैदानात एक नारिंगी फडके पडलेले होते.

ते पंचांचे होते. त्यांनी सस्कॅचवानचे गडी मोजले होते, आणि ते भरले होते तेरा. नियमाप्रमाणे दंड दहा यार्डांचा, आणि दंड शिल्लक असताना सामना संपत नाही. ड्युव्हल पुन्हा उभा राहिला, आता 33 यार्डांवर. या वेळी चेंडू नीट मधून गेला. 28–27. साऱ्या सामन्यात मॉंट्रियल आघाडीवर आले ते या एका लाथेने, आणि त्यानंतर सामनाच उरला नाही.

ज्या आकड्याचे बिरुद मिरवले त्याच आकड्याने घात केला. नाटककाराने असे लिहिले असते तर मी त्याला ‘योगायोगाचा अतिरेक’ असा शेरा मारून गुण कापले असते.

माझा एक जुना विद्यार्थी सध्या रेजायनात नोकरीला आहे. तो म्हणाला, “सर, इथे थंडीनंतर दुसरा विषय म्हणजे पंच. सोमवारी कचेरीत कामाआधी शनिवारचे दंड मोजतात. पण 2009 चा विषय निघाला की पंचांना कोणी काही बोलत नाही. नुसते गप्प होतात.”

मी म्हटले, “अरे, पंच बरोबर होते ना, म्हणून गप्प.”

वाचकहो, या गोष्टीचे मर्म मला इथे दिसते. हरलेल्या रसिकाला पंच फार उपयोगी पडतो. आपल्या लोकांना दोष द्यायचा नसतो, समोरच्याचे कौतुक तोंडातून निघत नसते. मग मधला मनुष्य सापडतो. अडथळा होता की नव्हता, धक्का आधी लागला की चेंडू, ही सगळी मतांची बाब. मताविरुद्ध मत मांडून हिवाळा काढता येतो. पण बारा आणि तेरा यांत मत कुठे आले? तो हिशेब आहे. त्या रात्री पंचांनी दिलेला निकाल बालवाडीतल्या मुलालाही पडताळून पाहता आला असता. रागाला बसायला जागाच उरली नाही.

आणि जेव्हा रागाला पंचाच्या घरी जागा मिळत नाही, तेव्हा तो स्वतःच्या घरात शिरतो. कोणी शिक्षकांवर ठपका ठेवला : एवढ्या माणसांना एवढे मोजता येऊ नये? कोणी म्हणाले, सोळा गुणांची आघाडी घालवली तेव्हाच सामना गेला, तेराव्याला कशाला बोल लावता? हे म्हणणे शहाणपणाचे होते, म्हणून अर्थातच कोणाला पटले नाही. बहुतेकांना हवे होते ते एक नाव. बारा जण ठीक; जादा कोण होता ते सांगा!

संघाने ते सांगितले नाही. कोणा एकाला लोकांपुढे उभे करून ‘हाच तो’ असे म्हटले नाही. ही चूक आम्हा सगळ्यांची, अशी भूमिका घेतली. तर्काच्या दृष्टीनेही ते बरोबरच होते, असे मला वाटते. तेरा माणसे उभी असताना त्यांतला तेरावा कोणता, हे मोजणारा कोठून सुरुवात करतो त्यावर ठरते. तरीही नावे कुजबुजली गेलीच. लोकांच्या मालकीच्या संघात हा धोका मोठा असतो. धनी असला तर शिव्या त्याला जातात; जिथे प्रत्येकाच्या भिंतीवर समभागाचा कागद आहे, तिथे त्या फिरून एखाद्या विशीपंचविशीतल्या पोराच्या दारात येतात. त्या पोराने दुसऱ्या दिवशी दूध आणायला कसे जावे, हा प्रश्न सामन्याच्या निकालापेक्षा मोठा आहे.

पंचांचेही जिणे सोपे नाही. आपली भाषा पहा. ‘पंच’ म्हणजे पाच. गावातले पाचजण पारावर बसत, तेव्हा त्यांच्या तोंडून देव बोलतो अशी श्रद्धा होती. मैदानावर एकटा उभा असला तरी आपण त्याला पंचच म्हणतो, आणि देवाकडून करावी तशी निर्दोषपणाची अपेक्षा करतो. कॅनडाच्या मैदानावर हे सातजण असतात, पण प्रसंग असे येतात की नियमांचे पुस्तकच मुके होते. 1957 सालच्या ग्रे कपमध्ये हॅमिल्टनचा बिबल्स बॉवेल चेंडू अडवून कडेने एकटा सुटला होता. पुढे कोणी नाही. एवढ्यात रेषेपाशी उभ्या असलेल्या एका प्रेक्षकाने पाय घालून त्याला पाडले! खेळाडूंचे अपराध पुस्तकात होते. प्रेक्षकाचा पाय नव्हता. पंच होते पॉल डोजॅक, हेच रेजायनाचे गृहस्थ. त्यांनी जागच्या जागी ठरवले : गोलरेषा जितकी दूर आहे त्याच्या निम्मे अंतर हॅमिल्टनला द्या. पूर्ण दिले असते तर विनिपेगला शिक्षा झाली असती, काहीच न देणे म्हणजे बॉवेलवर अन्याय. हॅमिल्टनने सामना 32–7 असा सहज जिंकला, म्हणून त्या निवाड्याचा कस लागला नाही. पण यंत्रावाचून, पुस्तकावाचून, हजारो लोकांसमोर काही क्षणांत इतका न्याय करणारा मनुष्य मला थोर वाटतो. आणि तो प्रेक्षक? खराखुरा तेरावा गडी तोच म्हणायचा!

हल्ली उपाय म्हणून कॅमेरा आला. कॅनडाच्या लीगने 2006 मध्ये चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची सोय केली. 2014 मध्ये त्याही पुढे जाऊन चेंडू झेलणाऱ्याला अडवल्याचा निर्णयही तपासणीखाली आणला; अमेरिकेच्या मोठ्या लीगलाही तेव्हा हे धाडस झाले नव्हते. तिने ते 2019 मध्ये करून पाहिले आणि एका हंगामात सोडून दिले. लोकांना वाटले, आता भांडण मिटले. झाले उलटेच. शिक्षकमंडळी निर्णय चुकला म्हणून नव्हे, तर कुठे काही सापडते का ते पाहावे म्हणून हरकत घेऊ लागली. खेळ थांबे, प्रेक्षक जांभया देत. शेवटी 2017 च्या ऑगस्टमध्ये, ऐन हंगामात, एका सामन्यात एकच हरकत असा नियम करावा लागला. भांडण मिटले नाही. ते मैदानावरून उठून टोरांटोतल्या पडद्यापुढच्या खोलीत जाऊन बसले. आता शिव्या त्या खोलीला मिळतात. धक्का लागला हे यंत्र दाखवते. तो किती लागला म्हणजे अपराध होतो, हे माणसालाच सांगावे लागते.

म्हणून कॅमेरा असावा, नसावा हा वाद मला दुय्यम वाटतो. पंचाच्या चुकीचा अन्याय सोसणे कठीण असतेच. पण खरा कस लागतो तो पंच बरोबर असताना. 1989 साली याच रफरायडर्सनी अखेरच्या क्षणी डेव्ह रिजवेच्या लाथेवर 43–40 असा ग्रे कप जिंकला होता. त्या रात्री शेवटच्या क्षणाने सामना ठरणे ही खेळाची शोभा होती. 2009 मध्ये तीच गोष्ट दैवाची क्रूर थट्टा झाली. न्याय तोच, आपली बाजू तेवढी बदलली.

तरी त्या रसिकांविषयी माझे मत चांगले आहे, आणि त्याला कारण आहे. 2010 मध्ये पुन्हा अंतिम सामना, पुन्हा मॉंट्रियल, पुन्हा हार. तरी मंडळी कलिंगडे कोरायची थांबली नाहीत. 2013 मध्ये स्वतःच्याच गावात करंडक जिंकला. आणि 2025 च्या नोव्हेंबरात विनिपेगला त्याच मॉंट्रियलला हरवून सोळा वर्षांची बाकी चुकती केली. या सगळ्या काळात ‘तेरावा गडी’ हे बिरुद त्यांनी उतरवून ठेवले नाही. त्याची टिंगल झाली, स्वतः त्यांनीही केली, पण टाकले नाही. दुष्काळातला तेरावा महिना आला म्हणून काही शेतकरी पंचांग फाडत नाही; तो महिनाही काढतो आणि पुढच्या पेरणीचे बी राखून ठेवतो. गव्हाच्या प्रांतातल्या लोकांना हे कोणी शिकवावे लागले नसेल.