शंभर किलोमीटर आणि एक पंखा

"एका चार्जिंगला शंभर किलोमीटर, साहेब." इलेक्ट्रिक सायकलचा दुकानदार हे अशा सुरात म्हणाला की मला तिथल्या तिथे नारळ फोडावासा वाटला. दुकान कुठलं ते विचारू नका. सोलापुरात सगळे एकमेकांचे पाहुणे लागतात. मी आपलं भोळेपणानं विचारलं, "शंभर म्हणजे कुणाचे? माझे की तुमचे?" तो म्हणाला, "कंपनीचे."

झालं. सगळा वेदान्त इथंच संपला. कंपनीचे किलोमीटर वेगळे आणि ऊन खात पंढरपूरला निघालेल्या माणसाचे वेगळे. कंपनीच्या जगात रस्ता सपाट, वारा पडलेला, चालवणारा बहुधा बासरीसारखा सडपातळ. माझं वजन ८८ किलो. वर पाण्याच्या दोन बाटल्या, शेंगाचटणीची पुडी आणि चार कडक भाकऱ्या. असल्या ऐवजाला बसवून कुणी चाचणी घेतली असेल असं मला तरी वाटत नाही.

घरी येऊन कागद-पेन घेतलं. गणित चौथीतलं आहे, घाबरू नका. बॅटरी ३६ व्होल्टची, १० अँपिअर-तासांची. गुणलं की ३६० वॅट-तास. मोटर २५० वॅटची. ती पूर्ण जोरात चालवली तर दीड तासही पुरत नाही. ताशी २५ च्या वेगानं अंतर पडतं ३६ किलोमीटर. सोलापुरातून निघालात तर मोहोळ. नागनाथाचं दर्शन घ्या आणि पुढचं त्याच्यावरच सोपवा.

मग ते शंभर आले कुठून? उलटा भागाकार करा. ३६० भागिले १००, म्हणजे किलोमीटरमागे ३.६ वॅट-तास. ताशी २० नं गेलात तर मोटर सरासरी ७२ वॅट देणार. आता मान वर करा. छताला तो जुना पंखा फिरतोय ना, तो साधारण तेवढीच वीज खातो. चाळीसेक हजार मोजून ज्याला आपण ‘पॉवर असिस्ट’ म्हणून मिरवतो, तो शंभर किलोमीटरच्या हिशेबात एक सीलिंग फॅन निघाला. बाकीचा बैल आपणच.

दुकानदार खोटं बोलला का? छे! खोटं बोलायला आधी आकडा समजावा लागतो.

"संपली तर वाटेत ढाब्यावर चार्ज करायची," असंही तो म्हणाला. बरं. चार्जर २ अँपिअरचा. १० अँपिअर-तास भरायला पाच तास. पुणे आपल्याकडून २५० किलोमीटर. मोटर पूर्ण जोरात ठेवायची तर सहा वेळा बॅटरी भरावी लागेल. सहा पंचे तीस तास ढाब्यावर, दहा तास रस्त्यावर, एकूण चाळीस. तेवढ्यात बसनं पुण्याला जाऊन, मुलीकडं मुक्काम करून, जावयाचं तोंड वाकडं व्हायच्या आत माणूस परत येतो. विमानानं न्यायची म्हणाल तर तेही नाही. होटगी रोडला विमान उतरावं म्हणून २०२३ साली साखर कारखान्याची चिमणी पाडली, पण ही बॅटरी काही त्या विमानात चढायची नाही. १६० वॅट-तासांच्या वर गेलेली बॅटरी प्रवाशाला बरोबर नेता येत नाही.

आता कायद्याची गंमत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यात मोटरची ताकद २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ च्या आत असेल तर ते मोटार वाहनच नाही. ना लायसन्स, ना नंबरप्लेट. दुकानदार हा श्लोक मोठ्यानं म्हणतो: "लायसन्स नको साहेब, पासिंग नको." आणि पुढच्याच श्वासात, आवाज खाली आणून: "म्हणत असाल तर लॉक काढून देतो, चाळीसनं पळती." म्हणजे सायकल आहे म्हणून घ्या आणि सायकल राहिली नाही म्हणून खूश व्हा! शंकराचार्यांनी मायेचं इतकं सुटसुटीत विवरण केलं असेल का, शंकाच आहे.

टायर बघा म्हणाला. बघितले. चार इंच रुंद. असले टायर मुळात बर्फावर आणि वाळूत चालवण्यासाठी निघाले. सोलापुरात बर्फ दिसतो तो रसवंतीत, तोही गोणपाटात गुंडाळलेला. डांबरावर हे टायर घुंई-घुंई आवाज करत तुमची ताकद पितात, आणि पोरं वळून बघतात. पोरांनी वळून बघावं म्हणून माणूस पन्नाशीत काय काय करतो!

खरी मेख निराळीच आहे, आणि ती कुणी सांगत नाही. ताशी २५ ला मोटर मदत थांबवते. आपला मुलूख पठारी. पाठीशी वारा असला की बऱ्या सायकलवर बरा माणूस सहज २७-२८ नं जातो. तेव्हा मोटर झोपलेली, आणि तिची न् बॅटरीची मिळून सहा-सात किलोंची पाहुणी आपण ओढतोय. उलट आषाढात पुण्याकडं तोंड करा. पश्चिमेचा वारा छातीवर बसतो, वेग पंधरावर येतो, गुडघे आईला हाक मारतात. तिथं ही मोटर खरोखर देवासारखी धावून येते. म्हणून तर मी घेतली. हो, घेतली. एवढा वेळ शिव्या देणारा माणूस गिऱ्हाईकच असतो, हे तुम्ही ओळखलंच असेल.

घेतली म्हटल्यावर दुसरी जमात अंगावर आली: शुद्धतावादी. रविवारी पहाटे घट्ट कपड्यांत, अंग आवळून उभे असतात. त्यांच्यापैकी एकानं माझ्या सायकलकडं असं पाहिलं, जणू मी सोवळ्यात चप्पल घालून शिरलो. "ही चीटिंग झाली." स्वतःची सायकल कार्बनची, माझ्या स्कूटरपेक्षा महाग, आणि आली होती गाडीच्या टपावर बसून. ब्रेव्हेत, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचा पल्ला गाठायच्या सायकलफेरीत, मोटर चालत नाही हे मान्य. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० चाळीस तासांत काढायचे ते स्वतःच्याच पायांनी. (चाळीस तास! हे गृहस्थ ६०० किलोमीटर मारतात तेवढ्यात माझी मोटर मला पुण्याला पोचवते. सलाम.) पण मी ब्रेव्हेला निघालोय असं कुणी सांगितलं? आणि शुद्धतेचाच हिशेब काढायचा तर तुमचे ते बावीस गियर काढा आधी. टूर द फ्रान्स १९०३ ला सुरू झाली आणि आजच्यासारखे चेन सरकवणारे गियर तिथं १९३७ पर्यंत चालत नव्हते. तेव्हाच्या सोवळ्यांच्या लेखी गियर म्हणजेच लबाडी. आमच्याकडं कोजागिरीला हजारो माणसं रातोरात तुळजापूरला पायी जातात, कित्येक अनवाणी. त्यांच्या लेखी तुमची कार्बनची सायकल ही लबाडीच. पण ती बिचारी बोलत नाहीत, कारण त्यांना खरंच चालायचं असतं.

दुकानदाराला फक्त मोटर दिसते, शुद्धतावाद्यालाही फक्त मोटर दिसते. एक तिची आरती करतो, दुसरा तिला बाटवलेली म्हणतो. तिच्या खाली एक सायकल असते, ती दोघांनाही दिसत नाही.

मला ती दिसली तामलवाडीच्या अलीकडं. तुळजापूरला निघालो होतो, मागचं चाक बसलं. साधं पंक्चर असतं तर चाक न काढता ट्यूब ओढून ठिगळ लागलं असतं. पण वॉल्व्ह बुडातूनच फाटलेला. ट्यूब बदलायची म्हणजे चाक काढणं आलं. आणि चाकात मोटर, मोटरला वायर. माहितीपुस्तिका म्हणते, अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधावा. केंद्र पुण्यात! दोन किलोमीटर ढकलत एका पंक्चरवाल्याकडं गेलो. म्हातारा उसाच्या ट्रॉलीच्या टायरवर बसून पान्हे पुसत होता. वायर बघून म्हणाला, "करंट मारतंय का हे?" छत्तीस व्होल्ट काय मारणार, म्हटलं. मग तो वाकला, वायरीवरून बोट फिरवत गेला, फ्रेमला चिकटलेला जोड त्याला सापडला आणि त्यानं तो ओढून वेगळा केला. "ट्रॉलीच्या लायटीवानीच हाय की." १८ नंबरचा पाना लावला, चाक बाहेर. माझ्याजवळची ट्यूब घातली. वीस मिनिटं. पुस्तिकेत ह्याबद्दल एक ओळ नाही.

पैसे घेताना त्यानं विचारलं, "लाईट संपल्यावर चालती का ही?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न ना विकणाऱ्याला सुचला होता, ना निंदणाऱ्याला. आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. २४ किलोंची, जाड टायरांची, गियर नावाला असलेली ही म्हैस मोटरशिवाय तुळजापूरच्या घाटात चढवायची म्हणजे काय, ते मी त्याच दुपारी समजून घेतलं.

आता ओळखीतलं कुणी सायकल घ्यायला निघालं की मला बरोबर नेतात. मी रेंज विचारत नाही. टायर अरुंद आहेत का, गियर सात-आठ तरी आहेत का, बॅटरी काढून घरात नेता येते का (उन्हात तापलेली लिथियम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, आणि आपल्याकडं एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो), पेडल नुसतं फिरतंय एवढंच कळणारा सेन्सर आहे की पायाचा जोर ओळखून तेवढीच मदत करणारा, हे बघतो. दुसरा महाग असतो, पण बॅटरी उधळत नाही. मागच्या चाकाची वायर कुठं सुटते तेही दाखवायला लावतो. निम्म्या दुकानांत ते माहीतच नसतं. आणि शेवटी बटण बंद करून सायकल रस्त्यावर एक चक्कर मारायला मागतो.

परवा असंच झालं. दुकानातलं पोरगं हसायलाच लागलं. "काका, बंद करून कोण चालवतं?"

म्हटलं, "मोहोळच्या पुढं सगळेच."