बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

सकाळी सेल्फ मारला आणि गाडीने नुसतं ‘खट्’ केलं, की पुढचं सगळं ठरलेलं असतं. शेजारचे दोघे येतात, धक्का मारतात, गाडी तशीच बॅटरीच्या दुकानासमोर जाऊन उभी राहते आणि तासाभरात नवी बॅटरी घालून घरी येते. काही वेळा दुखणं तिथे संपतंही, म्हणून तर ही सवय मोडत नाही. पण गाडी दहा-पंधरा वर्षांची असेल, मारुती ८००, ऑम्नी, सँट्रो, जुनी बोलेरो यांपैकी काही असेल, तर बॅटरी ‘बसलेली’ दिसते तेव्हा दोष बॅटरीचाच असतो असं नाही. अल्टरनेटर भरत नसेल, गाडी बंद असताना कोणीतरी वीज खात असेल किंवा एखादी वायर गंजलेली असेल, तर नवी बॅटरीही दोन-तीन महिन्यांत तशीच बसेल. म्हणून जुनी गाडी बाळगणाऱ्या सगळ्यांना एकच सांगणं आहे: खिशात हात घालण्याआधी मोजा.

मोजायला डिजिटल मल्टिमीटर लागतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात तीन-चारशे रुपयांत साधा मिळतो आणि आपल्या कामाला तेवढा पुरतो. तो डीसी व्होल्टवर, २० च्या खुणेवर ठेवायचा. हातातली अंगठी, कडं आधी काढून ठेवा. बॅटरीपाशी विडी-सिगारेट नको, कारण भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

पण मीटर येईपर्यंतही बरंच कळतं. हेडलाइट लावा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून समोर उभे राहा. दिवे पार विझल्यासारखे झाले, तर एकतर बॅटरीत दम नाही किंवा टर्मिनल ढिलं आहे. ‘कट-कट-कट’ असा भराभर आवाज आला तरी तेच. मात्र दिवे लख्ख राहिले आणि एकदाच ‘खट्’ झालं, तर बॅटरीला बोल लावू नका. सेल्फची मोटर, तिचा सोलेनॉइड किंवा तिकडे जाणारी वायर बघायला हवी.

आता मीटर. पहिलं माप सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर घ्यायचं. नुकतीच चालवून आणलेल्या गाडीत बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो आणि मेलेली बॅटरीही १३ दाखवते. रात्रभराच्या विश्रांतीनंतर १२.६ च्या आसपास आलं तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.८ म्हणजे रिकामी. नीट चार्ज करूनही माप साडेदहाच्या आसपासच अडकलं, तर सहांपैकी एक सेल गेला असं धरा. त्या बॅटरीवर मग चार्जिंगचा खर्च करू नका.

दुसरं माप सेल्फ फिरत असताना. आकडा खाली जाणारच, पण साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी अशक्त आहे. अर्थात हे भरलेल्या बॅटरीवरच बघायचं. उपाशी बॅटरीची ताकद तपासून ती नापास झाली असं सांगणारे दुकानदार भेटतील. त्यांना आधी चार्ज करा, मग लोड टेस्ट करा, असं स्पष्ट म्हणा. रिकाम्या बॅटरीला संथ चार्जिंग लागतं. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, म्हणजे अख्खी रात्र. ते काम अल्टरनेटरवर सोपवून हायवेला गाडी पिदडली, तर अल्टरनेटरच तापून जातो.

तिसरं माप इंजिन चालू असताना, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या गाडीत बॅटरीवर १३.८ ते १४.५ दिसायला हवं. दिवे, ब्लोअर, वायपर सगळं लावून थोडा अ‍ॅक्सिलरेटर दिला तरी ते १३ च्या वर टिकायला हवं. साडेबाराच दिसत असेल, तर बॅटरी भरतच नाही. उलट १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला. बॅटरीतलं पाणी उकळून आटतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो, बल्ब वरचेवर जातात. (अलीकडच्या गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करत असतो. तिथे हे आकडे जसेच्या तसे लावू नका.)

भरत नाही असं दिसलं, तरी अल्टरनेटर बदलायला धावू नका. आधी बेल्ट बघा. सकाळी किंवा पावसात किंचाळत असेल, तर तो ढिला आहे किंवा गुळगुळीत झाला आहे. मग चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा पाहा. तो लागायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. चावी फिरवल्यावर लागतच नसेल, तर कदाचित नुसता बल्ब गेलेला असेल. कित्येक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जाग आणणारा प्रवाह त्या बल्बमधूनच जातो, त्यामुळे दहा-वीस रुपयांचा बल्ब जातो आणि चार्जिंग बंद पडतं. तरीही अल्टरनेटरचाच दोष निघाला, तर तो दुरुस्त होतो का विचारा. कार्बन ब्रश, रेग्युलेटर, बेअरिंग, डायोड प्लेट हे सगळं बऱ्याच गाड्यांचं सुटं मिळतं. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन नव्याच्या किमतीच्या बऱ्याच कमी पैशांत जुना अल्टरनेटर उभा करतो.

एक गोष्ट मात्र कोणालाही करू देऊ नका. चालत्या इंजिनावर बॅटरीची वायर उपसायची, गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर चांगला, ही तपासणी अजूनही गॅरेजात चालते. बॅटरी मध्ये नसली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, ईसीयू, काहीही जळू शकतं. चांगली गाडी त्या एका झटक्यात बिघडते. वायरला हात लागायच्या आत ‘राहू द्या’ म्हणा.

आता गंज. जुन्या गाडीत निम्मं भूत इथेच बसलेलं असतं आणि दुकानात ते कोणी बघत नाही. ओळखीतल्या एका दूध टाकणाऱ्याच्या ऑम्नीत दीड वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या होत्या. सेल्फ जड फिरायचा आणि दोन-चारदा सेल्फ मारला की क्लचची केबल हाताला गरम लागायची. ती गरम केबल हीच खूण होती. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी बोल्टपाशी गंजून पोकळ झाली होती आणि सेल्फचा प्रवाह मिळेल त्या वाटेने, म्हणजे क्लचच्या केबलमधून, परत येत होता. अल्टरनेटरच्या मागच्या बोल्टवर माप १४.२, बॅटरीवर जेमतेम १३. बॅटरी कधी पूर्ण भरलीच नाही आणि अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट धरतं. पट्टी बदलली, बोल्टखालचा पत्रा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला, एवढंच काम. समुद्राकाठच्या, मालवण-रत्नागिरीकडच्या गाड्यांनी तर दर पावसाळ्यानंतर ही जागा बघावीच.

टर्मिनलचं तसंच. मीटरची एक टोकणी बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवा, दुसरी त्याच खुंटावर आवळलेल्या क्लॅम्पवर आणि सेल्फ मारायला सांगा. जवळजवळ शून्य यायला हवं. अर्धा व्होल्ट आला तर मधली पांढरी-हिरवी बुकटी तो खाते आहे. खायचा सोडा गरम पाण्यात कालवून ओता, ब्रशने घासा, कोरडं करा, आवळा, वरून व्हॅसलीन लावा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. म्हणजे पाना बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही.

तिन्ही मापं बरोबर, वायरी स्वच्छ, तरी दोन दिवस उभी राहिली की गाडी मरते? मग बंद गाडीत चोरी चालू आहे. मीटर १० अँपिअरच्या भोकावर घ्या, निगेटिव्ह वायर सोडवा आणि वायर व खुंट यांच्यामध्ये मीटर लावा. दारं बंद, चावी काढलेली. मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. पन्नास मिलिअँपिअरच्या आत आलं तर ठीक. अर्धा अँपिअर आला तर हिशेब करा: दिवसाला बारा अँपिअर-अवर, म्हणजे ३५ ची बॅटरी तिसऱ्या दिवशी कोरडी. मग एकेक फ्यूज काढून बघायचं. ज्या फ्यूजला आकडा धपकन पडेल, तो चोराचा रस्ता. बहुतेकदा चोर बाहेरून आलेला असतो. बाजारात बसवलेली म्युझिक सिस्टीम ही पहिली संशयित: तिची कायमची पिवळी आणि चावीवर चालणारी लाल वायर एकत्र पिळून थेट लाइनला जोडलेली सापडते. सेंट्रल लॉक, रिव्हर्स कॅमेरा, ट्रॅकर हे त्यानंतर. डिकीचा बंद न होणारा दिवाही विसरू नका. कोणताच फ्यूज सापडला नाही, तर अल्टरनेटरचा डायोड बघायला सांगा. त्याची जाड वायर बऱ्याच गाड्यांत डॅशखालच्या फ्यूजबॉक्समधून जातच नाही.

काही वेळा दोष गाडीचा नसून वापराचा असतो. पावसाळ्यात संध्याकाळी दीड-दोन किलोमीटर, तेही सिग्नलला थांबत, दिवे-वायपर-ब्लोअर लावून जायचं असेल, तर जुना अल्टरनेटर आयडलिंगवर तेवढं भागवू शकत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग गाडी पळवा. उन्हाळ्यात, त्यातही विदर्भात, टोपणं उघडणाऱ्या बॅटरीचं पाणी दर महिन्याला बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं नको, ॲसिड तर मुळीच नको.

इतकं करून बॅटरीच दोषी ठरली, तर बिनधास्त नवी घ्या. क्षमता जुनीइतकीच, खुंटांची डावी-उजवी बाजू तीच, बनवल्याची तारीख ताजी आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का तुमच्यासमोर. बसवल्यावर इंजिन चालू करून एकदा चार्जिंग मोजा आणि आकडा त्याच कार्डाच्या मागे लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तक्रार घेऊन जाल तेव्हा तो उपयोगी पडेल. जुनी बॅटरी दुकानदारालाच द्या, तिचे पैसे बिलातून वजा करून मागा. भंगाराला जास्त भाव येतो म्हणून तिच्यातलं पाणी अंगणात ओतू नका. ते गंधकाम्ल असतं आणि त्यात शिसंही उतरलेलं असतं.