प्रश्न चहाला, सत्कार सभागृहात

इतिहासाच्या प्राध्यापकांची प्रादेशिक अधिवेशनं साधारण एकाच साच्याची असतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, संस्थाध्यक्षांना शाल-श्रीफळ, मग ज्यांनी शाल दिली त्यांनाही शाल. बीजभाषण सुरू होईतो जेवणाची वेळ झालेली असते. दुपारी समांतर सत्रं. निबंधवाचकाला दहा मिनिटं मिळतात, आणि सहाव्या मिनिटालाच सत्राध्यक्षांची चिठ्ठी पुढे सरकते. अनेकांना प्रमाणपत्र हवं असतं, ते पदोन्नतीच्या फायलीला लागतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, तो नियम त्यांनी केलेला नाही.

तरी मी अशा अधिवेशनांना जातो, कारण एखादा निबंध सगळ्याची भरपाई करतो. मागे एका तालुक्याच्या महाविद्यालयातल्या बाईंनी पाटीलकीच्या वादाचा एक मोडी महजर वाचला. महजर म्हणजे गोतसभेने सर्वांसमक्ष केलेला निवाडा. खाली पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या. अख्खं गाव त्या कागदावर हजर! वतन कुणाचं, याची उलटतपासणी गावाने भर सभेत केली होती. बाईंना मात्र एकही प्रश्न आला नाही. ‘वेळेअभावी प्रश्नोत्तरे चहाच्या वेळी,’ असं सत्राध्यक्षांनी जाहीर केलं.

चहाला खरोखरच एक निवृत्त गृहस्थ त्यांच्याकडे आले. म्हणाले, ‘बाई, शुहूर सनाला सहाशे मिळवलेत का?’ बाई हो म्हणाल्या. शुहूर सन, म्हणजे अशा जुन्या कागदांतली कालगणना, मृगाला बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत इसवी सन काढताना ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. बाईंचा महजर कार्तिकातला, म्हणजे त्यांचा निवाडा एक वर्ष पुढे सरकला होता. बाईंनी तिथेच निबंधात दुरुस्ती केली. पण सभागृहात बसलेल्या तरुण संशोधकांना यातलं काहीच कळलं नाही. ते उद्या आपापल्या कागदांना सरसकट सहाशे मिळवतील.

हे अधिवेशन पुण्यातलं होतं, आणि पुण्याला तरी हे शोभत नाही. वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, ते कागद चारचौघांत मांडावेत आणि तपासून घ्यावेत म्हणून. राजवाड्यांचं पुढे मंडळाशीही पटलं नाही आणि ते धुळ्याला गेले, ही गोष्ट वेगळी. भांडणाचा त्यांना कंटाळा नव्हता. याच मंडळाच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, १९३५ मध्ये, पुण्यात देशभरातले इतिहासकार जमले आणि त्यातूनच आजची भारतीय इतिहास परिषद उभी राहिली.

निबंध छापून घरपोच येऊ शकतो. त्यासाठी रात्रीची एसटी पकडून परगावी जायची गरज नाही. जायचं ते जाणत्यांनी समोरासमोर ‘हे कशावरून?’ असं विचारावं म्हणून. संयोजकांना माझी सूचना बिनखर्चाची आहे. निबंध निम्मे घ्या, प्रत्येकाला अर्धा तास द्या, त्यातली पंधरा मिनिटं प्रश्नांना. आणि सत्कार करायचेच असतील, तर ते चहाच्या वेळी उरका.